साडेआठचा पाऊस आणि भाड्याचा संगणक

पर्जन्यमापक तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. काहींच्या शाळेच्या आवारात तो असेलही. नरसाळ्यातून आत पडलेले पाणी बाटलीत साचते. ते मोजपात्रात ओतायचे आणि मिलिमीटरमध्ये वाचायचे, एवढेच त्याचे काम. आपल्या देशात ही मोजणी रोज सकाळी साडेआठ वाजता करतात. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत जे पाणी पडले, तो आजचा पाऊस.

वऱ्हाडात या आकड्याला फार मोल आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. तेथे जमिनीखालचे पाणी खारट. विहीर खणली तरी ते पिकाला मानवत नाही. म्हणून दर्यापूर-अकोटकडच्या कितीतरी शेतकऱ्यांची कपाशी आणि तूर वरच्या पावसावरच उभी असते. शिवाय, महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मि.मी.हून अधिक पाऊस झाला, तर शासन त्याला अतिवृष्टी समजते, आणि नुकसानभरपाईचा विचार त्यावर अवलंबून असतो. यासाठी राज्यात २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पाखाली मंडळा-मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली. पण एका मंडळात अनेक गावे असतात. एका गावी ७० मि.मी. आणि शेजारच्या गावी ४० मि.मी., असेही पावसाचे वागणे असते. शाळांनी आपापल्या गावचा पाऊस मोजला तर त्या नोंदीला सरकारी दाखल्याचा दर्जा मिळणार नाही हे खरे. पण मंडळाच्या आकड्यापेक्षा आपले गाव किती वेगळे, हे कळेल. प्रश्न विचारायचा तर हातात आकडे हवेत.

समजा, अकोला व अमरावती जिल्ह्यांतील साठ शाळांनी हे काम अंगावर घेतले. तेल्हारा, मूर्तिजापूर, अंजनगाव सुर्जी, चांदूर बाजार, चिखलदरा अशा सगळ्या बाजूंनी आकडे यायचे आहेत. तुमच्या वर्गातील दोघा-तिघांना पायथॉन ही संगणकाची भाषा येते. त्यांनी एक छोटी आज्ञावली लिहिली: गाव निवडा, पाऊस भरा, बटण दाबा, साठ गावांचा तक्ता समोर. शाळेच्या संगणकावर ती उत्तम चालते. आता ती साठही शाळांना वापरता आली पाहिजे. मग ती ठेवायची कोठे? आणि कशी? याच प्रश्नाचा विचार आज आपण करू.

शाळेचा संगणक का पुरत नाही?

सर्वांत सोपे उत्तर म्हणजे शाळेचाच संगणक रात्रंदिवस चालू ठेवावा. त्याला अडचणी तीन. पहिली विजेची. रोज दोन तास वीज गेली, तर चोवीसपैकी बावीस तासच संगणक चालला. म्हणजे सुमारे ९१.७ टक्के. संगणक भाड्याने देणाऱ्या कंपन्या साधारणतः ९९.९ टक्क्यांच्या गोष्टी करतात. हा फरक वाटतो त्याहून मोठा आहे. तीस दिवसांच्या महिन्यात ९९.९ टक्के म्हणजे फक्त ४३ मिनिटे बंद, ९१.७ टक्के म्हणजे साठ तास बंद!

दुसरी अडचण उष्णतेची. अकोल्याचा मे महिना तुम्हांला माहीत आहे. पारा ४५ अंशांवर जातो. बंद खोलीत अखंड चालणाऱ्या संगणकाला तो सोसत नाही.

तिसरी अडचण पत्त्याची. महाजालावर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो. घरगुती जोडणीत हा पत्ता बदलत राहतो, आणि पुष्कळदा एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. ज्याचे घर रोज बदलते, त्याला टपाल कसे पोहोचणार?

म्हणून संगणक भाड्याने घ्यायचा. मोठाल्या इमारतींत हजारो संगणक मांडलेले असतात. त्यांना दोन-दोन बाजूंनी वीज, वर डिझेलची जनित्रे, थंड हवा आणि पहारा अशी सगळी व्यवस्था असते. त्यांतील एका संगणकाचे आज्ञावलीनेच अनेक आभासी भाग पाडतात आणि एकेक भाग एकेका गिऱ्हाइकाला देतात. यालाच मेघसंगणन, म्हणजे ‘क्लाउड’ म्हणतात. नाव मात्र फसवे आहे. दूरध्वनीच्या जाळ्याचा आराखडा काढताना, आतील तपशील दाखवायचा नसेल तेथे अभियंते ढगाचे चित्र काढीत. त्यावरून हे नाव आले. प्रत्यक्षात हा ‘ढग’ जमिनीवरच असतो आणि त्याला पत्ता असतो.

हा भाड्याचा व्यवहार आपल्या भागाला नवा नाही. यवतमाळहून मूर्तिजापूरमार्गे अचलपूरला जाणारी शकुंतला गाडी आठवा. तिचे रूळ एका खासगी कंपनीचे, आणि त्यांवर गाडी चालवणार रेल्वे. ती गाडी आता धावत नाही. पण रूळ एकाचे आणि गाडी दुसऱ्याची, हीच कल्पना येथे आहे. अशा व्यवहारात कोणती दुरुस्ती कोणाकडे, हे आधी समजून घ्यावे लागते. मेघसंगणनातही तसेच. यंत्र बिघडले तर ते बदलणे कंपनीचे काम. आज्ञावली चुकली किंवा नोंदी पुसल्या गेल्या तर ते तुमचे काम.

आज्ञावली पाहुण्यांना कशी भेटते?

पायथॉन ही भाषा नेदरलँड्सच्या गीदो वान रोसुम यांनी रचली. ती १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्या साह्याने संकेतस्थळे बांधण्याचे एक प्रसिद्ध साधन म्हणजे जँगो. ते अमेरिकेत कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या शहराच्या स्थानिक वृत्तपत्राच्या कचेरीत तयार झाले आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. बातमीदारांना संध्याकाळपर्यंत नवे पान हवे असे. त्या घाईतून हे साधन जन्मले. फ्लास्क हे त्याहून लहान साधन २०१० मधले. दोन्ही विनामूल्य आहेत.

आपल्या जिल्ह्यांतही पायथॉनचे काम होत आले आहे. जागतिक बँकेच्या साह्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पा’त अकोला व अमरावती हे जिल्हे आहेत. त्यासाठी मुंबईच्या आय.आय.टी.ने गावच्या पाण्याचा ताळेबंद मांडणारे साधन तयार केले. पडलेल्या पावसापैकी किती वाहून गेले, किती मुरले, पिकाला किती कमी पडले, याचा तो हिशेब. क्यूजीआयएस या नकाशांच्या मुक्त प्रणालीला जोडून ते चालते, आणि अशी जोडसाधने पायथॉनमध्ये लिहितात. म्हणजे तुम्ही शिकता ती भाषा नुसती पुस्तकी नव्हे.

आता एक विनंती आली की काय होते ते पाहू. तेल्हाऱ्याच्या बाईंनी बटण दाबले. त्यांची विनंती भाड्याच्या संगणकाच्या दारात पोहोचते. दारात एक द्वारपाल आज्ञावली बसलेली असते. एंजिन-एक्स हे तिचे एक प्रसिद्ध नाव. चित्रे, रंगसंगती अशा ठरीव वस्तू ती स्वतःच देऊन टाकते. पावसाचा आकडा मात्र आत पाठवते. आत गुनिकॉर्नसारखी मुकादम आज्ञावली असते. तिच्या हाताखाली काही कामगार असतात, आणि प्रत्येक कामगार म्हणजे तुमच्या पायथॉन आज्ञावलीची एक चालती प्रत. मोकळ्या कामगाराकडे विनंती जाते. तो आकडा तपासतो आणि माहितीसाठ्यात लिहितो. उत्तर उलट वाटेने परत जाते.

येथे एक सूचना ध्यानात ठेवा. जँगो आणि फ्लास्कबरोबर शिकण्यापुरता एक छोटा सर्व्हर मिळतो. शाळेत आज्ञावली चालली ती त्यावर. तो घरच्या सरावासाठी आहे. गावजेवणाला घरची शेगडी जशी पुरत नाही, तसा तोही पुरत नाही. द्वारपाल आणि मुकादम हवेतच.

पहिला प्रश्न : गर्दी किती?

संगणक केवढा घ्यावा? पुष्कळ जण एकूण माणसे मोजतात. मोजायची असते ती एका क्षणाची गर्दी. आपल्या साठ शाळा दिवसभर काहीच करीत नाहीत. साडेआठ वाजता मात्र सर्वजण एकदम येतात.

एका विनंतीला ०.२ सेकंद लागतो असे धरू. मग एक कामगार सेकंदाला ५ विनंत्या उरकतो. कामगार किती ठेवावेत? गुनिकॉर्नच्या कर्त्यांनी एक ढोबळ नियम दिला आहे : प्रक्रियक जितके, त्याच्या दुप्पट अधिक एक. एक प्रक्रियक असेल तर २ × १ + १ = ३ कामगार. म्हणजे सेकंदाला १५ विनंत्या. साठही शाळांनी अगदी एकाच सेकंदाला बटण दाबले, तरी शेवटच्या शाळेला ६० ÷ १५ = ४ सेकंद थांबावे लागेल. प्रत्यक्षात घड्याळे पुढे-मागे असतात, त्यामुळे तेवढेही नाही.

आता स्मृती पाहा. जँगोचा एक कामगार साधारण १०० मेगाबाइट जागा धरतो असे माना. तिघांचे ३००. माहितीसाठा आणि मूळ प्रणाली यांना आणखी तितकीच किंवा थोडी अधिक जागा. तेव्हा एक गिगाबाइट स्मृतीचा लहानात लहान संगणक आपल्याला पुरतो. असा संगणक महिन्याला साधारण पाच डॉलरच्या आसपास मिळतो. म्हणजे चारशे-पाचशे रुपये आणि वर कर. याच्या चौपट मोठा घेतला तर बिल वाढेल, पाऊस काही वाढणार नाही.

दुसरा प्रश्न : अंतर किती?

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. अकोला-अमरावतीपासून मुंबई सरळ रेषेत सुमारे ५०० किलोमीटर. जाऊन-येऊन १००० किलोमीटर, म्हणजे ५ मिलिसेकंद. तोच संगणक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर घेतला, तर अंतर सुमारे १३,००० किलोमीटर. जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद. कोणतीही कंपनी हा वेळ कमी करू शकत नाही. तो प्रकाशाच्या वेगाचा हिशेब आहे. वास्तविक तार सरळ जात नाही, म्हणून प्रत्यक्ष वेळ याहून जास्तच भरतो.

तुम्ही म्हणाल, १३० मिलिसेकंदांनी काय बिघडते? एका फेरीने बिघडत नाही. पण सुरक्षित जोडणीला निदान तीन फेऱ्या लागतात : एक ओळख पटवण्याची, एक गुप्त किल्ली ठरवण्याची आणि एक प्रत्यक्ष पानाची. शिवाय एक चूक नवशिके हमखास करतात. आज्ञावली एका देशात आणि माहितीसाठा दुसऱ्या देशात ठेवतात. एका पानासाठी आज्ञावलीने माहितीसाठ्याला वीस प्रश्न विचारले, तर २० × १३० = २,६०० मिलिसेकंद; पान उघडायला अडीच सेकंदांहून जास्त! दोन्ही एकाच जागी असतील तर हेच काम चुटकीसरशी होते.

सुदैवाने आता दूर जावे लागत नाही. ॲमेझॉनने २००६ मध्ये भाड्याचे संगणक देण्यास सुरुवात केली, तेव्हा ते अमेरिकेत होते. मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई व चेन्नई येथे २०१५ मध्ये, ॲमेझॉनने मुंबईत २०१६ मध्ये व हैदराबादेत २०२२ मध्ये, आणि गूगलने मुंबईत २०१७ मध्ये आपली केंद्रे उघडली. सरकारी कामांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा ‘मेघराज’ हा स्वतंत्र मेघ २०१४ पासून आहे. तेव्हा संगणक मागताना मुंबई किंवा हैदराबाद निवडा. पुष्कळ ठिकाणी तुम्ही काही निवडले नाही, तर अमेरिकेचे केंद्र आपोआप निवडलेले असते.

तिसरा प्रश्न : नोंदी राहणार कोठे?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, म्हणून येथे जरा थांबू.

काही सेवांमध्ये तुम्हांला पूर्ण संगणक मिळत नाही. तुमची आज्ञावली चालवून मिळते. तुम्ही नवी आवृत्ती पाठवली की सेवा जुनी प्रत मोडते आणि कोरी प्रत उभी करते. जुन्या प्रतीच्या तबकडीवर जे लिहिले होते, ते तिच्याबरोबर जाते. पायथॉन शिकताना आपण एसक्यूलाइट हा माहितीसाठा वापरतो. तो म्हणजे आज्ञावलीशेजारी पडलेली एक फाइल. आता विचार करा. जून-जुलैचा सगळा पाऊस त्या फाइलीत आहे. ऑगस्टमध्ये कोणी पानाचा रंग बदलला आणि नवी आवृत्ती पाठवली. रंग बदलला, आणि साठ गावांचा दोन महिन्यांचा पाऊस पुसला गेला! पान पुन्हा लिहिता येईल. पडून गेलेला पाऊस पुन्हा मोजता येत नाही.

म्हणून आज्ञावली आणि नोंदी वेगळ्या ठेवा. नोंदींसाठी पोस्टग्रेससारखा स्वतंत्र माहितीसाठा घ्या, किंवा पूर्ण संगणक भाड्याने घेतला असेल तर तबकडी कायमची आहे याची खात्री करा. आणि रोज रात्री एक प्रत काढून दुसऱ्या कंपनीकडे अथवा शाळेतील संगणकावर उतरवा.

ही प्रत केवढी होईल? जून ते सप्टेंबर म्हणजे १२२ दिवस. ६० शाळा × १२२ = ७,३२० नोंदी. एका नोंदीला १०० अक्षरांएवढी जागा धरली तर सारे मिळून ७,३२,००० बाइट. म्हणजे एक मेगाबाइटसुद्धा नाही. साठ गावांचा संपूर्ण पावसाळा मोबाइलमधल्या एका छायाचित्रापेक्षा कमी जागेत मावतो. तेव्हा जागा नव्हती म्हणून प्रत काढली नाही, ही सबब चालणार नाही. उलट, प्रत्येक नोंदीबरोबर पर्जन्यमापकाचे तीन मेगाबाइटचे छायाचित्र घ्यायचे ठरवले, तर ७,३२० × ३ म्हणजे सुमारे २२ गिगाबाइट लागतील. मग सारा हिशेब नव्याने करावा लागेल. छायाचित्रे माहितीसाठ्यात न ठेवता वस्तूंच्या वेगळ्या कोठारात ठेवतात, ती याचसाठी.

चौथा प्रश्न : राखण कोण करणार?

संगणक तीन रीतींनी भाड्याने मिळतो. शेतीच्या भाषेत सांगितले तर चटकन समजेल.

पहिली रीत मक्त्याने शेत घेण्याची. पूर्ण आभासी संगणक तुमच्या ताब्यात. काय पेरायचे ते तुम्ही ठरवा. तण काढणे, कुंपण घालणे, पाणी देणे तुमच्याकडेच. मक्ता ठरलेला, त्यामुळे बिल आधीच माहीत असते.

दुसरी रीत जिनिंगची. शेतकरी कापूस घेऊन जातो. सरकी वेगळी होऊन रुई मिळते. यंत्राला तेल कोणी घातले ते त्याला पाहावे लागत नाही. येथे तुम्ही फक्त पायथॉनची आज्ञावली द्यायची. द्वारपाल, मुकादम, प्रणालीची डागडुजी सर्व सेवेकडे. गूगलने २००८ मध्ये अशी सेवा सुरू केली, तेव्हा तिच्यात प्रथम चालणारी भाषा पायथॉनच होती.

तिसरी रीत तासावर ट्रॅक्टर लावण्याची. विनंती आली तेवढ्यापुरते यंत्र जागे होते, आणि चालले त्या वेळेचेच पैसे. काम नसेल तेव्हा खर्च जवळजवळ नाही. पण गर्दी किंवा चूक झाली तर मीटर पळत राहतो.

आणि फुकट? फुकट सेवाही असतात, आणि शिकण्यासाठी त्या चांगल्या. मात्र अटी वाचा. काही सेवा पंधरा मिनिटे कोणी फिरकले नाही तर आज्ञावलीला झोपवतात. सकाळी पहिल्या शाळेने दार ठोठावले की तिला जागे व्हायला कधी कधी मिनिटभर लागतो. ते चालवून घेता येईल. पण फुकट सेवा बंदही होऊ शकते. हेरोकू ही विद्यार्थ्यांत लोकप्रिय असलेली सेवा; तिने आपली फुकट योजना नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद केली. ज्यांनी प्रत काढून ठेवली होती त्यांनी बिऱ्हाड हलवले.

आपल्या पावसासाठी काय घ्यावे? शाळेत दर वर्षी मुले बदलतात. आज तण काढणारे दहावीनंतर निघून जातील. म्हणून ज्या शाळेत लिनक्स जाणणारे शिक्षक आहेत, तिने मक्त्याची रीत घ्यावी. त्यात शिकायलाही सर्वांत जास्त मिळते. इतरांनी जिनिंगची रीत घ्यावी आणि माहितीसाठा वेगळा ठेवावा.

उभारणी : एकामागून एक

मक्त्याचा संगणक घेतला असे समजून पायऱ्या पाहू.

१. *यादी करा.* आज्ञावलीला कोणकोणती साधने लागतात आणि त्यांच्या नेमक्या आवृत्त्या कोणत्या, हे एका फाइलीत लिहा. स्वयंपाकाच्या सामानाची यादी असते तशीच ही. आवृत्ती लिहिली नाही, तर उद्या नवी आवृत्ती येईल आणि काल चाललेले आज चालणार नाही.

२. *खाते शिक्षकांच्या नावाने उघडा.* करार करण्यास आपल्या कायद्याने १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. लगेच खर्चाची मर्यादा-सूचना लावा : ठरावीक रकमेपुढे बिल गेले की पत्र यावे.

३. *गुपिते आज्ञावलीत लिहू नका.* माहितीसाठ्याचा परवलीचा शब्द, जँगोची गुप्त किल्ली या गोष्टी संगणकाच्या परिसर-चलांत ठेवा. आज्ञावली गिटहबवर सर्वांसाठी खुली केली आणि आत किल्ली राहिली, तर अशा किल्ल्या शोधत फिरणाऱ्या आज्ञावल्या ती पाहता पाहता उचलतात. मग तुमच्या नावावर दुसराच कोणी संगणक चालवतो.

४. *दारे बंद करा.* संगणकाला पुष्कळ दारे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. तीनच उघडी ठेवा : २२ क्रमांकाचे तुमच्यासाठी, ८० व ४४३ पाहुण्यांसाठी. २२ क्रमांकाच्या दारातून परवलीच्या शब्दाऐवजी किल्ली-जोडीनेच प्रवेश ठेवा.

५. *मुकादम आणि द्वारपाल बसवा.* संगणक बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर गुनिकॉर्न आपोआप उठावा अशी व्यवस्था लिनक्समध्ये करता येते. ती करून झाल्यावर संगणक मुद्दाम बंद करून पाहा.

६. *तपासणीची अवस्था बंद करा.* शिकताना जँगो चुकीचा सगळा तपशील पानावर दाखवतो. बाहेरच्यांना तो दिसणे म्हणजे घराचा नकाशा वाटण्यासारखे आहे.

७. *नाव आणि कुलूप.* नाव नोंदवून ते संगणकाच्या पत्त्याशी जोडा. सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था २०१५ पासून विनामूल्य देते. त्याची मुदत थोडी असते, म्हणून नूतनीकरण आपोआप होईल असे पाहा.

८. *घड्याळ लावा.* ही पायरी पावसाच्या कामात विसरून चालणार नाही. जँगो लॉरेन्समध्ये जन्मला हे वर सांगितले. काळ-पट्टा अजिबात लिहिला नाही, तर तो अजूनही अमेरिकेतील शिकागोची वेळ धरतो. आपल्याकडे १५ जुलैची सकाळ, साडेआठ वाजलेले. शिकागोत तेव्हा १४ जुलैचे रात्रीचे दहा! सगळा पाऊस एक दिवस मागे सरकेल. भारताचा काळ-पट्टा, म्हणजे ‘आशिया-कोलकाता’, स्पष्ट लिहा.

९. *प्रत परत बसवून पाहा.* रोज रात्री प्रत निघते, एवढ्यावर समाधान मानू नका. महिन्यातून एकदा ती प्रत शाळेच्या संगणकावर उघडा आणि साठ गावे जागेवर आहेत का ते मोजा. न उघडलेली प्रत म्हणजे न चाखलेले लोणचे. खराब झाल्याचे पानावर वाढल्यावर कळते.

आणखी एक. पाऊस मोजणाऱ्या मुलाचे नाव, दूरध्वनी क्रमांक, छायाचित्र यांची आपल्याला गरज नाही. तेव्हा मागूच नका. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. जी माहिती घेतलीच नाही, ती चोरीला जात नाही.

शेवटचा कोस

मुंबईचा संगणक कितीही चांगला असला, तरी चिखलदरा-धारणीच्या डोंगरांतून त्याच्यापर्यंत पोहोचायचे कसे? मेळघाटातील हरिसाल हे गाव २०१६ मध्ये ‘डिजिटल गाव’ म्हणून देशभर गाजले. राज्य शासन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी तेथे दूरचित्रवाणीच्या रिकाम्या राहिलेल्या लहरींवरून महाजाल पोहोचवण्याचा प्रयोग केला. मुंबई-पुण्यात संगणक उभे राहिल्यावरही गावापर्यंतच्या वाटेसाठी असा वेगळा खटाटोप करावा लागला, हे विसरू नये.

आणि गंमत अशी, की ज्या दिवशी पाऊस सर्वांत जास्त, त्याच दिवशी वीज आणि जोडणी जाण्याचा संभव सर्वांत जास्त. म्हणजे ज्या आकड्याची सर्वाधिक गरज, तोच अडकून पडायचा. उपाय सोपा आहे. पाऊस प्रथम शाळेच्या वहीत शाईने लिहा. आज्ञावलीत मोजणीची तारीख आणि भरण्याची तारीख असे दोन रकाने ठेवा, म्हणजे तीन दिवसांनी भरलेला आकडाही योग्य दिवशी बसेल. एकाच दिवसाचा आकडा दोनदा आला तर दोन ओळी होऊ नयेत, अशी अट माहितीसाठ्यातच घाला. भाड्याचा संगणक बदलेल, कंपनी बदलेल, आज्ञावली लिहिणारी मुले कॉलेजात जातील. वही आणि प्रत सांभाळली तर पाऊस राहील.

करून पाहा

१. शाळेच्या संगणकावर ‘पिंग’ ही आज्ञा वापरून मुंबईतील व परदेशातील एकेका संकेतस्थळाला लागणारा वेळ मोजा. काही संकेतस्थळे जगभर प्रती ठेवतात, त्यामुळे परदेशी नाव असूनही उत्तर जवळून येईल; अशी कोणती आहेत ते ओळखा.

२. साठऐवजी सहाशे शाळा झाल्या, तर साडेआठच्या गर्दीत शेवटच्या शाळेला किती सेकंद थांबावे लागेल? दोन प्रक्रियकांचा संगणक घेतल्यास किती?

३. संगणक घेण्याआधीच, उद्या सकाळी साडेआठला, वहीत पहिली नोंद करा.